पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांच्या नावावर पैसे उकळणारे नाशिकमध्ये फिरतायत, सावध राहा

ज्यांच्या घरात "आमचा एक जण बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेला तो परत आलाच नाही" असं सांगतात त्यांनी हे नक्की वाचा, कारण हे लोक नेमकी अशीच घरं शोधतात. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं, आता सगळे सिडकोत. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते आणि 1914 च्या लढाईत गेले एवढंच घरात माहीत. फोटो नाही, पत्र नाही, त्यांची तिथीसुद्धा माहीत नाही म्हणून सर्वपित्रीलाच त्यांचं पान वाढतात. काकांना रिटायर झाल्यापासून एकच ध्यास, त्यांचं नाव कुठंतरी लिहिलेलं सापडावं.

मध्यंतरी कुणबी नोंदी शोधायची धांदल चालू होती, तेव्हा तहसीलच्या आवारात मोडी वाचून देणारे बरेच जण बसायचे, त्यातले चांगलेही होते. तिथंच काकांना हा माणूस भेटला. बोलायला एकदम गोड, काकांना "बाबा" म्हणायचा, कॉलेज रोडला ऑफिस आहे म्हणाला आणि लंडनहून रेकॉर्ड काढून देतो म्हणाला. आधी सर्च फी 8 हजार, मग सर्टिफिकेट आणि बारा पिढ्यांची वंशावळ याचे 15 हजार, मग "ओरिजिनल" पदक मिळवून देतो म्हणून 22 हजार. सगळं यूपीआयवर, आणि दर वेळी नंबर वेगळा. शेवटी म्हणाला शहिदाची पेन्शन ब्रिटिश सरकारकडं शंभर वर्षं व्याजासकट पडून आहे, तेवढा टॅक्स भरला की वारसांच्या खात्यात येईल, त्यासाठी आधार, पॅन आणि पासबुकाची झेरॉक्स द्या. तिथं चुलतभावाला संशय आला आणि आम्ही सगळे कागद टेबलावर मांडून बसलो.

सर्टिफिकेट खरं होतं, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचंच. पण ते त्यांच्या साइटवरून कुणीही घरबसल्या फुकट डाउनलोड करू शकतो, एजंट नको, एक रुपया नको. सोबत नोंदीची प्रिंट होती तिचा खालचा भाग कापलेला. आम्ही प्रिंटवरचा सैनिकाचा नंबर साइटवर टाकला तर कापलेल्या भागात वडिलांचं नाव आणि गाव होतं, आणि गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं! काका पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यांकडं गेले, त्यांच्या वहीत पणजोबांच्या वडिलांचं नाव, मुलांची नावं सगळं लिहिलेलं आहे, ते नाव वेगळं. म्हणजे कोकणातल्या कुणाच्या तरी घरचा माणूस आमचा म्हणून आम्हाला विकला. त्या दिवशी काका जेवले नाहीत. पैशांचं ते काहीच बोलले नाहीत, म्हणाले आपण दोन महिने दुसऱ्याच्या माणसाला हार घातला आणि आपला अजून तसाच राहिला.

बाकीचंही ओळखता येण्यासारखं आहे म्हणून सांगतो. नोंदीत "बसरा मेमोरियल" लिहिलेलं होतं. हे स्मारक ज्यांची कबर किंवा दहनाची जागा माहीत नाही अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी आहे, आणि त्यातसुद्धा साध्या भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत, पलटणीपुढं किती मेले याचा नुसता आकडा टाकला (हा भेदभाव झाला हे कमिशनने 2021 च्या अहवालात स्वतः कबूल केलंय). मग याने आम्हाला दिलेला थडग्याचा फोटो आणला कुठून, आणि वर त्या दगडावर क्रॉस! आमच्या माळकरी घरातल्या माणसाच्या दगडावर क्रॉस कुणी कोरेल?

ते "ओरिजिनल पदक" म्हणजे हातात मावेल एवढी ब्राँझची जड गोल चकती, सिंह, त्रिशूळ घेतलेली बाई आणि नाव. मेलेल्या सैनिकाच्या घरी अशी चकती खरंच पाठवायचे, पण खऱ्या चकतीवर फक्त नाव असतं, हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, सगळे सारखे म्हणून. आमच्या चकतीवर नावाखाली शिपाई, नंबर आणि फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री एवढं सगळं कोरलेलं, नावाच्या जागी ब्राँझ घासून खोलगट झालेलं, बोट फिरवलं की कळतं. आणि फिफ्थ मराठा हे नाव 1922 मध्ये पलटणी एकत्र केल्या तेव्हा पडलं. 1915-16 मध्ये इराकातल्या कूतच्या वेढ्यात अडकल्या त्या 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी.

अजून एक, पंजाबच्या तीन लाखांवर सैनिकांची रजिस्टरं ऑनलाइन आली हे खरं आहे, हा माणूस तीच बातमी मोबाइलवर दाखवायचा. पण ती फक्त पंजाबची आहेत, लाहोरच्या म्युझियममध्ये होती ती. त्यात सिन्नर-निफाड सापडणार नाही.

स्वतः शोधायचं असेल तर कमिशनच्या साइटवर नाशिकचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाका, एच न लावता, कारण तेव्हा तसंच लिहायचे. नुसत्या नावावर जाऊ नका, सखाराम, धोंडी, रामा ढिगाने आहेत, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तरच आपला. आधी वडिलांचं नाव पक्कं करा, तीर्थोपाध्यांची वही, गावचं जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, जुने फेरफार, काहीही. गावच्या चावडीत किंवा शाळेत संगमरवरी पाटी आहे का बघा, बऱ्याच गावांना महायुद्धात किती गेले, किती मेले याची पाटी दिलेली आहे.

आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस स्टेशनलाही अर्ज दिलाय, पैसे अजून आलेले नाहीत. त्याचा फोन बंद आहे पण नवीन नंबरावरून तो दिंडोरीकडच्या एका घरी पोचल्याचं कळलंय. तुमच्याकडं आला तर लगेच हाकलू नका, आधी चॅट एक्स्पोर्ट करा, यूपीआयचे स्क्रीनशॉट घ्या आणि त्याने दिलेला कागद जपून ठेवा, आमच्या तक्रारीत ती कापलेली प्रिंटच सगळ्यात उपयोगी पडली. रत्नागिरीच्या त्या गावच्या ग्रामपंचायतीला काकांनी पत्र टाकलंय, सर्टिफिकेट त्यांच्या घरी द्यायचंय म्हणून.