घरीच बदललेला टॉर्क कन्व्हर्टर: हिवाळा-उन्हाळा काढल्यानंतर

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, मी घरीच बदलला. त्यानंतर मिशिगनचा एक अख्खा हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा गाडीने काढला, म्हणून आता मत सांगतो: थरथर गेली ती गेलीच, आणि गिअरबॉक्स ठणठणीत आहे. गाडी म्हणजे मागच्या चाकांवर चालणारा जुना पिकअप, चार गिअरचा ऑटोमॅटिक.

आधी काय व्हायचं? ताशी ४५ मैलांच्या आसपास, ॲक्सिलरेटरवर पाय हलका असला की रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी गाडी थरथरायची. एका गॅरेजने गाडी न चालवताच पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितलं. मला ते पटेना. इंजिनाचा मिसफायरही (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) असाच जाणवतो, त्यामुळे निदान पक्कं करणं महत्त्वाचं. मोकळ्या रस्त्यावर थरथर चालू असताना ब्रेकचं पेडल ब्रेकलाइट लागेल इतपतच दाबायचं. त्याने लॉकअप क्लच (कन्व्हर्टरच्या आतला, वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) सुटतो, आणि थरथर तिथल्या तिथे थांबली तर संशय कन्व्हर्टरवरच. पुढे स्कॅनरवर पी०७४१ (लॉकअप क्लच नीट लागत नसल्याचा) कोडही आला. त्याआधी गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून पाहिलं होतं. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. गिअरबॉक्सच्या तेलाच्या पॅनमधल्या चुंबकावर फक्त बारीक करडा लगदा होता, तो चालतो. धातूचे तुकडे निघाले असते तर नुसता कन्व्हर्टर बदलून काही साधलं नसतं.

रिकंडिशन केलेला कन्व्हर्टर घेतला. जुना परत दिला की डिपॉझिट मिळतं. ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणला, आणि त्याशिवाय हे काम कुणी करूच नये. गिअरबॉक्स ७० किलोच्या आसपास असतो. तो साध्या जॅकवर तोलणं म्हणजे जिवाशी खेळ. चारही बाजूंना भक्कम स्टँड हवेत. रस्त्यावरच्या मिठाने इथे सगळं गंजतं, म्हणून गिअरबॉक्सच्या तेलाच्या कूलरच्या नळ्यांचे नट सोडवण्यातच बराच वेळ गेला.

खरं काम मात्र नवा कन्व्हर्टर बसवताना आहे. आत आधी लिटरभर तेल ओतायचं, गिअरबॉक्सच्या तेलपंपाचं पुढचं सील नवं घालायचं, आणि मग कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत सरकवायचा. टर्बाइनचा शाफ्ट, स्टेटरचा आधार (टर्बाइन आणि स्टेटर हे कन्व्हर्टरच्या आतले पंखे) आणि पंपाच्या खाचा अशा तीन ठिकाणी तो बसावा लागतो, आणि दर वेळी 'खट्' असं हाताला कळतं. शेवटची खाच बसली नसेल तर बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं, इंजिनाला जोडलं जाणारं कवच) इंजिनाला टेकत नाही. अशा वेळी बोल्ट आवळून ते ओढून आणलं की पंप फुटतो. बेलहाउसिंग हातानेच पूर्ण टेकलं पाहिजे, आणि त्यानंतर कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. माझ्या मते या कामात घाई न करण्याची जागा हीच. जुन्या क्लचचा चुरा नव्यात जाऊ नये म्हणून कूलर आणि नळ्याही धुऊन काढल्या.

आता हायवेवर लॉकअप लागला की आरपीएम उतरतात आणि तिथेच स्थिर राहतात. उन्हाळ्यात सामानाने भरलेला ट्रेलर ओढला तेव्हाही तेल लालच राहिलं, जळका वास नाही. कडाक्याच्या थंडीत सकाळी लॉकअप उशिरा लागतो, पण तेल गरम होईपर्यंत तसंच अपेक्षित असतं. एक फरक जाणवतो: सिग्नलवरून निघताना आरपीएम पूर्वीपेक्षा किंचित वर जातात. त्याचा त्रास नाही, पण गाडीची सवय असलेल्याला कळतं.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, जागा असेल आणि मदतीला एक माणूस असेल तर घरी जरूर करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन वरून टांगून सबफ्रेम उतरवावी लागते. ते काम मी गॅरेजलाच देईन.