ॲपल सायडर व्हिनेगर: आठ महिने, सहा बाटल्या आणि ओट्यावरचं एक कडं

कडप्प्याला पॉलिश करणारा माणूस काल सकाळी येऊन ओटा बघून गेला. डागावरून बोट फिरवलं, खाली वाकून उजेडात बघितलं आणि म्हणाला, "ॲसिड सांडलंय." मी म्हटलं, सफरचंदाचं व्हिनेगर आहे. "तेच की," म्हणाला. डागापुरतं घासून मिळत नाही, तेवढाच भाग वेगळा दिसतो. पूर्ण ओटा घासायचे बाराशे रुपये.

म्हणून हा अनुभव लिहायला बसलोय. व्हिनेगर म्हणजे काय, त्याचे एकवीस फायदे कोणते, हे सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलेलं आहे. ते परत सांगत नाही.

गेल्या जूनमध्ये माझी तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली. डॉक्टर म्हणाले गोळी नको, चालायला लागा, भात कमी करा. मेहुणा म्हणाला ॲपल सायडर व्हिनेगर घ्या. अर्थात चालण्यापेक्षा बाटली मागवणं सोपं. जुलैच्या सेलमध्ये ५०० मिलीच्या दोन बाटल्या ५४९ रुपयांना मिळाल्या. कच्चं, न गाळलेलं, 'मदर'सकट. रोज १५ मिली धरलं तर एक बाटली ३३ दिवस, म्हणजे दिवसाला सव्वाआठ रुपये. लिंबापेक्षा महाग, गोळीपेक्षा स्वस्त, असं मनाशी ठरवून टाकलं.

पहिला फोन मीच मूर्खासारखा केला. बाटलीच्या तळाशी गढूळ साका आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. माल खराब आलाय म्हणून कस्टमर केअरला लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, ती मदर आहे." फोन स्पीकरवर होता. आमच्या आई शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "कुणाची?" त्या मुलीने नीट समजावून सांगितलं, ते मान्य करतो. सफरचंदाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि दारू बनवतं. मग दुसरे जिवाणू हवेच्या मदतीने त्या दारूचं ॲसेटिक ॲसिड करतात आणि करता करता हे जाळं विणतात. आईचा निष्कर्ष एवढाच, की दारू आंबवून प्यायला आम्ही पैसे देतो.

पहिले आठ दिवस चमचा भरून तसंच घशाखाली ढकललं. कुणीही करू नका. घसा सोलल्यासारखा होतो, आणि दातांच्या डॉक्टरने माझे समोरचे दात बघून पहिलाच प्रश्न विचारला, "लिंबूपाणी फार पिता का?" दातावरचं कवच साधारण साडेपाचच्या खालच्या पीएचला विरघळायला लागतं, आणि हे पडतं अडीच-तीनच्या घरात. तेव्हापासून एक मोठा चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात, जेवणाच्या सुरुवातीला, स्ट्रॉने. वर साध्या पाण्याची चूळ, आणि अर्धा तास ब्रश नाही. एवढं केल्यावर त्रास नाही. चवीचं म्हणाल तर महिन्याभरात सवय होते. नाही झाली तरी पैसे भरलेले असतात, त्यामुळे होते.

आता टोपण.

बाटली काचेची, जाड, चांगली. टोपण प्लास्टिकचं, आटे ठीक. पण बाटलीच्या तोंडाची कड अशी गुळगुळीत गोल केलीय, की ओतून बाटली सरळ केली की शेवटचा थेंब आत जायच्या ऐवजी बाहेर वळतो. मग तो लेबलच्या कडेने सावकाश खाली ओघळतो आणि बुडाशी कडं करून बसतो. लेबलवर लिहिलंय, वापरण्यापूर्वी हलवा. हलवलं की टोपणाच्या आत भरतं, उघडलं की आट्यांतून आणखी ओघळतं. म्हणजे सूचना पाळणाऱ्याचं जास्त गळणार.

मी हे मोजलं. बायको म्हणाली, तुम्हाला कामं नाहीत. पण मोजलं. सात दिवस बाटली वाटीत उभी ठेवली आणि वाटीत जमलेलं खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजलं. सात मिली. दिवसाला एक. म्हणजे बाटलीमागे जवळजवळ ३० मिली, दोन दिवसांचा डोस, साधारण सोळा रुपये. बाटली ३३ दिवस नाही, ३१ दिवस पुरते. सव्वाआठ नाही, रोजचे आठ रुपये पंच्याऐंशी पैसे.

तरी तेव्हा मला वाटत होतं नुकसान एवढंच आहे. दिवाळीच्या आधी बायकोने ओटा सोड्याने धुतला, पुसला, आणि मला हाक मारली, "अहो, इकडे या जरा." मिक्सरच्या बाजूला, जिथे बाटली असायची, तिथे काळ्या कडप्प्यावर राखाडी-पांढरं कडं. बरोबर बाटलीच्या बुडाएवढं. चोळून जाईना. खोबरेल तेल लावलं की दोन दिवस दिसत नाही, तेल उतरलं की परत हजर.

गच्चीवर उरलेली शहाबादी फरशी पडली होती. तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाकून डोळा जवळ नेऊन बघितलं. बारीक बुडबुडे. कडप्पा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडीचे दगड, आम्लाने खाल्ले जाणारच. खिडकीच्या ग्रॅनाइटवर टाकलं तर ढिम्म. तुमचा ओटा ग्रॅनाइटचा असेल तर हे पुढचं सोडून दिलंत तरी चालेल. सोलापुरातल्या जुन्या घरांत मात्र ओटा कडप्प्याचा आणि जमीन शहाबादीची, त्यामुळे लिहितोय. माझ्या एक लक्षात आलं. वीस वर्षं याच ओट्यावर लिंबं पिळली गेली, चिंच कोळली गेली, पण डाग नाही, कारण बायको हातासरशी फडकं फिरवते. मी ओतून निघून जातो. हे तिनेही लगेच सांगितलं.

कंपनीला मेल केला, फोटोसकट. उत्तर आलं: पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मी लिहिलं, बाटली फुटलेली नाही, तोंड गळतं, आणि पार्सल तीन महिन्यांपूर्वीचं आहे. उत्तर आलं: आपल्या असुविधेबद्दल खेद आहे, कृपया पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. चौथ्या मेलला एका माणसाने खरोखर वाचून उत्तर दिलं, की बाटली वापरल्यावर कोरड्या कापडाने पुसावी. आणि पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. सूट मी वापरली नाही. (तारीख उलटून गेली, नाहीतर वापरली असती.)

रागाच्या भरात नोव्हेंबरमध्ये घरीच करायला घेतलं. मंडईत डागाळलेली सफरचंदं स्वस्त मिळाली. सालं, गाभे, पाणी, साखर, काचेच्या बरणीत घालून वर धुतलेलं सुती फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी फसफसायला लागलं. रोज लाकडी चमच्याने ढवळायचं, नाहीतर वर तरंगणाऱ्या सालींना बुरशी धरते. पंधरा दिवसांनी गाळून नुसतं पाणी परत फडक्याखाली ठेवलं. महिन्याने वर जाड, चिवट, मलईसारखी चकती आली. अस्सल मदर. मी कामावरून येईपर्यंत आईंनी ती 'घाण साय' काढून कढीपत्त्याच्या कुंडीत टाकली होती आणि खालचं पाणी चहाच्या गाळण्याने गाळून ठेवलं होतं. "साखर घातलीय ना, टाकायचं कशाला," म्हणाल्या. पंधरा दिवसांत नवी चकती आली. चव बाटलीपेक्षा सौम्य, सफरचंदाचा वास जास्त. पण आम्लता किती उतरलीय ते घरात कळत नाही, म्हणून टिकवायच्या लोणच्यात अजिबात नाही. काकडीच्या कोशिंबिरीत आणि कांद्यावर मस्त. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि व्हिनेगरमध्ये अर्धा तास मुरलेला कांदा, हे मात्र मी आयुष्यभर खाईन, साखर कमी होवो न होवो.

बरणीमुळे चिलटं झाली. त्यांच्यावरचा उपायही हेच निघालं. वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. वासाने येतात आणि बुडतात. सकाळी अठ्ठावीस मोजली. आठ महिन्यांत जाहिरातीत न सांगितलेला आणि शंभर टक्के खरा ठरलेला फायदा हा एकच.

इलेक्ट्रिक किटलीतला बोअरच्या पाण्याचा पांढरा थरही याने निघतो, पण त्यासाठी हे वापरणं म्हणजे तुपाने कुलपाला तेल देणं. किराणा दुकानात चाळीसच्या आत पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मिळतं, ते तेच काम करतं. फक्त ब्लीचसोबत कधी एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता मुख्य प्रश्न. फेब्रुवारीत एचबीए१सी ५.९ आली. वजन ७१.५ वरून ७०.२. मेहुण्याने श्रेय घेतलं. पण याच काळात मी रोज ४० मिनिटं चाललो, रात्रीचा भात सोडला आणि चहातली साखर अर्धी केली. त्यामुळे व्हिनेगरचा वाटा किती, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवडे रोज घेऊन वजन किलो-दोन किलोने उतरलं, एवढंच. जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, असं अमेरिकेतल्या ॲरिझोनात २००४ मध्ये दिसलं होतं, पण तिथे जेवण होतं बेगल (कड्यासारखा गोल पाव), लोणी आणि संत्र्याचा रस. त्यावर आपली भाकरी-आमटी कशी मोजणार? आणि मेहुण्याने मला जे पाठवलं होतं, लेबनॉनमधल्या तरुणांचं तीन महिन्यांत भराभर वजन उतरल्याचं, तो २०२४ चा अभ्यास छापणाऱ्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानेच सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेतला. आकडेवारीवर भरवसा उरला नाही म्हणून. ही बातमी मी मेहुण्याला पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

माझ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की इन्सुलिन किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि जळजळ होत असेल तर बंद. मला होत नाही, म्हणून चालू आहे.

टोपणाचा प्रश्न शेवटी मेडिकलमध्ये सुटला. २० मिलीची सिरिंज, सुईशिवाय, बारा रुपये. बाटली तिरकी करायचीच नाही. सिरिंज आत बुडवायची, १५ मिली ओढायचं, ग्लासात सोडायचं. एक थेंब बाहेर नाही. बाटली कडप्प्यावर नाही, स्टीलच्या ताटलीत. पाहुण्यांनी सिरिंज बघून दोनदा विचारलंय घरात कोण आजारी आहे म्हणून.

हिशोब असा. सहा बाटल्या, १,६४७ रुपये. ओट्याचं पॉलिश १,२००. एकूण २,८४७. दर बाटलीला ३१ दिवस, म्हणजे १८६ दिवस. रोजचे पंधरा रुपये तीस पैसे, सव्वाआठ नव्हे. यात सिरिंजचे बारा रुपये धरलेले नाहीत.