‘शादा’ बघायचीय, पण कुठली?

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेतली ‘शादा’ ही कथा बघायची ठरवलीत की लगेच प्रश्न येतो, कुठली? कारण पूर्ण चित्रित झालेली ‘शादा’ मुळात नाहीच. डग्लस ॲडम्सने लिहिलेल्या या सहा भागांचं केंब्रिजमधलं चित्रीकरण ऑक्टोबर १९७९ मध्ये झालं, स्टुडिओतल्या तीन सत्रांपैकी पहिलं पार पडलं आणि बीबीसीत संप झाला. संप मिटला तोवर नाताळचे कार्यक्रम डोक्यावर आले होते. स्टुडिओ त्यांना गेले आणि डिसेंबरात ‘शादा’ गुंडाळली गेली.

हाती उरलेल्या त्या अर्ध्यामुर्ध्या कथेवर उभ्या राहिलेल्या दोन आवृत्त्यांतच खरी निवड आहे.

पहिली १९९२ ची व्हीएचएस. जे चित्रित झालं नाही ते मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, झालेला नट टॉम बेकर सांगतो. लंडनच्या एका संग्रहालयात, मालिकेतल्या जुन्या राक्षसांच्या मधोमध सूट घालून उभा राहतो आणि स्वतःच डॉक्टर असल्यासारखा ‘मी’ म्हणत बोलतो. सुरुवातीला हे झकास चालतं. कॅम नदीतली होडी, म्हाताऱ्या प्रोफेसर क्रोनोटिसच्या पुस्तकांनी गच्च भरलेल्या खोलीतला चहा, मेंदूतलं सगळं शोषून घेणारा तो उडता गोळा मागे लागल्यावर डॉक्टरने सायकल हाणत ठोकलेली धूम, हे सगळं खरंखुरं चित्रित झालेलं आहे. ॲडम्सचा तिरकस विनोद त्या खोलीतच सर्वांत जास्त खुलतो.

पंचाईत पुढे आहे. चित्रित झालेला मजकूर बहुतेक पहिल्या अर्ध्यातच संपतो. शेवटाकडे कथा टाइम लॉर्ड्सच्या, म्हणजे डॉक्टरच्याच जमातीच्या, तुरुंगग्रहावर पोचते, खरी झटापट तिथे होते, आणि ती आपल्याला तोंडी कळते. मॅचची शेवटची दहा षटकं कुणीतरी फोनवर सांगावीत, तसं. वर केफ मॅककुलॉकचं सिंथेसायझरचं संगीत. १९७९ च्या चित्रांशी त्याचा काही संबंध लागत नाही.

दुसरी २०१७ ची. गाळलेल्या जागा ॲनिमेशनने भरल्यात आणि आवाज शक्य तिथे मूळ नटांचेच आहेत: टॉम बेकर, लाला वॉर्ड, खलनायक स्काग्रासाठी क्रिस्टोफर नीम. लांबी सुमारे सव्वादोन तास. संगीत मार्क आयर्सचं, पण बाज डडली सिम्पसनचा, म्हणजे त्या काळच्या मालिकेचा. एवढ्या एका गोष्टीनेही चित्रपट एकसंध वाटतो.

खटकतंही बरंच. ॲनिमेशन चपटं आहे, माणसं कागदी बाहुल्यांसारखी हलतात. बेकर तेव्हा ८३ वर्षांचा. खऱ्या दृश्यातून ॲनिमेशनमध्ये गेलं की तोच माणूस एका क्षणात म्हातारा बोलतो. क्रोनोटिस झालेला डेनिस केरी तर १९८६ मध्येच वारला होता, त्यामुळे त्याचे नवे संवाद मिळणं शक्यच नव्हतं. तरी कथा कळते, स्काग्राचा डाव नेमका काय आहे हे समजतं, आणि शेवटी बेकरवर नव्याने चित्रित केलेलं एक दृश्य आहे. ते काय, हे सांगत नाही.

माझं मत सरळ आहे: पहिल्यांदा बघत असाल तर २०१७ चीच घ्या. १९९२ ची बेकरवेड्यांसाठी. ती २०१३ मध्ये डीव्हीडीवरही आली, सोबत याच कथेची, पॉल मॅकगॅन डॉक्टर असलेली २००३ ची वेबमालिकाही आहे. ती आधी बघू नका. तिथला डॉक्टरच वेगळा आहे. वाचायचीच असेल तर गॅरेथ रॉबर्ट्सने २०१२ मध्ये केलेली कादंबरी आहे. ॲडम्सने स्वतः क्रोनोटिसला उचलून १९८७ च्या ‘डर्क जेंटली’त नेऊन बसवला, म्हणून ते पुस्तक वाचलं असेल तर प्रोफेसर ओळखीचा वाटेल.

आणि डिस्क मागवण्याआधी प्लेअर तपासा, कारण डिस्कवर देशागणिक वेगळा रीजन कोड असतो आणि दुसऱ्या रीजनची डिस्क प्लेअर लावत नाही. ब्रिटनच्या डीव्हीडी रीजन २ च्या, आपल्याकडचा रीजन ५; ब्लू-रेत ब्रिटन बी, भारत सी. इंग्लंडातल्या भावाला सांगून डिस्क आणवाल आणि टीव्हीवर नुसती चूक दाखवणारी पाटी येईल.