क्लायमेट फ्रेस्कची प्रशिक्षक झाल्यानंतरचे दहा महिने

मागच्या जूनमध्ये मी क्लायमेट फ्रेस्कचं प्रशिक्षण घेतलं. तेव्हापासून चिपळूण, गुहागर आणि दापोली तालुक्यांत मिळून १९ सत्रं घेतली. शाळा-कॉलेजं, बचत गट, दोन ग्रामपंचायती आणि एकदा हर्णै बंदरावरच्या मासळी विकणाऱ्या बायका. ओळखीतले शिक्षक विचारतात, करावं का, उपयोग होतो का. एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्सच्या सेड्रिक रिंगेनबाख यांनी २०१५ मध्ये हा पत्त्यांचा डाव तयार केला. ४२ पत्ते, सगळे आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालांवर बेतलेले. सात-आठ जणांचा गट बसतो, पत्ते टप्प्याटप्प्याने हातात येतात आणि कशामुळे काय घडतं ते आपापसांत ठरवून मोठ्या कागदावर लावायचे, मधे बाण काढायचे. सुरुवात माणसाच्या व्यवहारांपासून. शेवट दुष्काळ, उपासमार, विस्थापन इथपर्यंत. पूर्ण डावाला तीन तास लागतात. प्रशिक्षक व्हायचं तर आधी स्वतः एकदा खेळायचं, मग प्रशिक्षणाला बसायचं.

त्या प्रशिक्षणात विज्ञान फारसं शिकवत नाहीत, ते आपलं आपण वाचून यायचं असतं. शिकवतात ते गप्प बसायला. गटाने पत्ता चुकीच्या जागी ठेवला तरी लगेच बोलायचं नाही; पत्त्यामागचा मजकूर पुन्हा वाचायला सांगायचं आणि थांबायचं. मी २३ वर्षं भूगोल शिकवतेय, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षाही शिकवते. वर्गात शांतता पसरली की ती भरून काढायची सवय जिभेला लागलेली. ती मोडायला मला पाच-सहा सत्रं लागली. पण ज्या गटाने स्वतः वाद घालून बाण काढला, त्या गटातल्या मुलींना महिन्याभराने विचारलं तरी ती साखळी आठवत होती. फळ्यावर मी काढून दिलेल्या आकृतीचं असं कधी झालं नव्हतं. नुसत्या या एका गोष्टीसाठीही प्रशिक्षण घ्यावं असं मला वाटतं.

खरी परीक्षा भाषेची होती. माझ्याकडचा संच इंग्रजी आहे, त्यामुळे पत्त्यामागचा मजकूर मी मराठीत सांगते. तिथे कळलं की आपल्याकडे आजचं हवामान आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीचं हवामान, दोन्हींना शब्द एकच. 'हवामान बदल' म्हटलं की लोकांना हवामान खात्याचा अंदाज आठवतो. 'वातावरण बदल' म्हटलं तर गुहागरच्या एका काकूंनी लगेच सांगितलं, "हो ना, आमच्याकडे सगळ्यांना सर्दी-ताप आहे." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, आपण तो शब्द रोज तसाच वापरतो. आता मी सुरुवातीलाच विचारते, तुमच्या लहानपणी नांगरणी कधी व्हायची, विहीर कधी आटायची, आंब्याला मोहोर कधी यायचा? दहा मिनिटं नुसतं बोलू देते. कुठलंही नाव देण्याआधी वर्षांचा पट्टा डोळ्यासमोर उभा राहतो.

'हरितगृह वायू' हा दुसरा अडथळा. हरित म्हटलं की चांगलंच, झाडाझुडपांचं काहीतरी, असा समज होतो. मी तो शब्द शेवटी सांगते, आधी उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंची गोधडी सांगते. पृथ्वीवर ही गोधडी नसती तर सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ती आहे म्हणून १५ च्या जवळपास आहे आणि आपण आहोत. गोधडी वाईट नाही. आपण कोळसा आणि तेल जाळून तिच्यावर थर चढवत गेलो, हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर गेला, ही अडचण आहे. गोधडी सांगितल्यावर पुन्हा कुणी ओझोनच्या भोकाबद्दल विचारत नाही. आधी दर सत्रात विचारायचे.

हर्णैचं सत्र मी विसरणार नाही. वेळ मी दुपारी चारची ठेवली होती आणि चारला किनाऱ्यावर लिलाव सुरू होतो, हे मला आधी विचारायला हवं होतं. तीस जणी येणार होत्या, आठ आल्या, त्याही सहा वाजल्यानंतर. समुद्रावरचा बर्फ वितळणं आणि जमिनीवरचा बर्फ वितळणं, असे वेगवेगळे पत्ते आहेत. जवळजवळ प्रत्येक गट दोन्हींपासून समुद्राच्या पातळीकडे बाण काढतो. यांनीही काढला. मी काही बोलले नाही. एक मावशी उठून टपातला बर्फ घेऊन आल्या. एका पातेल्यात काठोकाठ गोडं पाणी आणि त्यात तरंगता बर्फ. दुसऱ्या पातेल्यात पाण्याबाहेर डोकं काढणारा दगड आणि बर्फ त्या दगडावर. मग आम्ही बाकीचे पत्ते लावत बसलो. अर्ध्या तासाने पाहिलं तर पहिल्या पातेल्यातून थेंबही सांडला नव्हता, दुसऱ्यातलं पाणी वर चढलं होतं. त्यांनी स्वतः एक बाण खोडला. मग त्यांचाच प्रश्न: "मग तो तरंगता बर्फ गेला तर बिघडतं काय?" पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो, काळं पाणी ते पिऊन घेतं, हे त्यांना वाळूतल्या आणि डांबरावरच्या पायांनी माहीत होतं. बाण नव्या जागी गेला.

शेलवाल्या सूक्ष्म जीवांचा पत्ता, ज्याच्यावर कॉलेजातली मुलं हमखास अडतात, तो त्यांनी तिसऱ्या या खायच्या शिंपल्यांशी जोडून पाच मिनिटांत लावला.

आता माझ्या चुकीबद्दल. चिपळूणमधल्या दुसऱ्याच सत्रात मी पुराचा पत्ता हातात घेऊन २२ जुलै २०२१ बद्दल बोलू लागले. सगळ्यांच्या घरात पाणी शिरलेलं, माझ्याही. हे हवामान बदलामुळे झालं, असं मी ठासून म्हणाले. मागे बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, वाशिष्ठीत गाळ किती होता ते कुठल्या पत्त्यावर आहे? २००५ ला पण पाणी आलं होतं. त्यानंतर नदीकाठाला घरं कुणी बांधू दिली?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातला अतिवृष्टीचा भाग पुन्हा वाचला. आता मी एवढंच म्हणते: हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे कोसळतो तेव्हा जोरात कोसळण्याची शक्यता वाढते. पाऊस वरून येतो. तो गावात किती शिरेल हे नदी, गाळ, डोंगरावरची झाडं आणि पूररेषा ठरवतात. दोन्ही सांगायचं. एकच सांगितलं तर ज्यांची जबाबदारी आहे ते सगळे जण त्या पत्त्यामागे लपतात. हे प्रशिक्षणात मिळत नाही, आपल्या गावात मिळतं. हे लिहिताना आजही त्या आजोबांचे आभार मानावेसे वाटतात.

वेळेबद्दल. तीन तास म्हणजे तीन तास. एका शाळेने ४० मिनिटं दिली, फोटो काढले आणि मधली सुट्टी झाली. मुलांच्या हातात पत्ते तसेच राहिले. त्यानंतर मी अडीच तासांच्या खाली सत्र घेत नाही. नववीच्या खालच्या मुलांसाठी सोपी आवृत्ती आहे, तीच घ्यावी. मोठा संच त्यांच्यावर लादू नये. सत्राच्या शेवटी लोक गप्प होतात, कधी कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा घाईने सायकल चालवा, दिवे बंद करा असं म्हणून ते झाकू नये. पत्ते कारणं आणि परिणामांचे आहेत, उपायांची चर्चा प्रशिक्षकाने घडवून आणायची असते. मी गावाचा नकाशा ठेवते आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं, वीज कशावर चालते, हे त्यांनाच लिहायला लावते. एका ग्रामपंचायतीत त्यातून पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) सफाईचा विषय ग्रामसभेत गेला. बाकी ठिकाणी अजून तरी काही झालेलं नाही.

प्रमाणपत्राचा उपयोग इतकाच की मुख्याध्यापक आणि सरपंच पाच मिनिटं ऐकून घेतात. ज्यांना बायोडेटात एक ओळ हवी आहे त्यांनी हे करू नये. ज्यांच्यासमोर माणसं बसणार आहेत, त्यांनी जरूर करावं, आणि पहिलं सत्र पंधरा दिवसांच्या आत घ्यावं, नाहीतर पत्त्यांचा क्रम आणि धीर दोन्ही जातात. सोबत एक सहकारी घ्या. एकटीने दोन गट सांभाळताना मी फार दमले. पंखा बंद ठेवता येईल अशी खोली आणि जाड कागद पाहा.

१ जूनपासून मासेमारी बंद होते. हर्णैच्या बायकांनी तेव्हा पुन्हा बोलावलं आहे, या वेळी तीसही जणी येतील म्हणाल्या. पातेली आणि दगड त्याच आणणार आहेत.