फॅमिली लिंक सहाएक महिने वापरून: पोराचा फोन आवरला, आप्पांच्या फोनचं काय?

दिवाळीत थोरल्याच्या हाती यांचा जुना अँड्रॉइड फोन आला आणि त्याच आठवड्यात मी त्यावर गुगलचं फॅमिली लिंक चालू केलं. आता आखाजीही (अक्षय्य तृतीया) होऊन गेली. शाळेचे दिवस आणि उन्हाळ्याची सुट्टी, दोन्हींत वापरून झालंय. थोरला यंदा पाचवीत जाईल, धाकटी पाच वर्षांची. राहणार भुसावळ. मी नोकरीला, घरी सासूबाई आणि सासरे, म्हणजे आप्पा.

मुलाच्या नावाने पालकांच्या देखरेखीखालचं गुगल खातं काढायचं आणि बाकी सगळं आपल्या फोनवरून ठरवायचं: रोज किती वेळ, रात्री कितीला बंद, कुठल्या ॲपला किती मिनिटं. नवीन ॲप हवं असेल तर विनंती आपल्याकडे येते. पैसे लागत नाहीत. वेळ संपल्यावर फोनला कुलूप लागतं. मला तेवढंच हवं होतं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाचपर्यंत एक तासाच्या आत, पाच ते दहा वयाला दोन तासांच्या आत, आणि जेवढा कमी तेवढा बरा. मी दोन तास लावून मोकळी झाले. झालं उलटंच. रेशनच्या साखरेसारखा तो आपला कोटा उचलायला लागला. एरवी खाली क्रिकेट खेळत बसला असता तो पोरगा संध्याकाळी सातला वर येऊन म्हणायचा, 'मम्मी, माझे चाळीस मिनिटं बाकी आहेत.' मग एकूण वेळ सव्वा तासावर आणला, यूट्यूबला वेगळी अर्ध्या तासाची मर्यादा लावली, आणि रात्री नऊला बंद.

हे रात्रीचं बंद मला सगळ्यात जास्त पटलं. दिवसाच्या मर्यादेवर रोज घासाघीस होते, कारण जास्तीचा वेळ द्यायची सोय ॲपमध्येच आहे आणि ती त्याला पक्की माहीत आहे. नऊच्या कुलपावर मात्र कोणी भांडत नाही. वेळ संपायच्या आधी पंधरा मिनिटं, पाच मिनिटं आणि एक मिनिट अशा सूचना येतात. पाचची आली की हा 'शेवटची ओव्हर, शेवटची ओव्हर' म्हणत अंगठे आणखी जोरात चालवतो, पण फोन मला हिसकावून घ्यावा लागत नाही. माझ्यासाठी ॲपची अर्धी किंमत इथेच वसूल.

उन्हाळ्यात मात्र कस लागला. पारा पंचेचाळिशीला टेकला की अकरा ते पाच पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. कूलरपुढे चार भिंतींत सहा तास काढायचे तर सव्वा तास पुरतो कुठे! मे महिन्यापुरती अर्ध्या तासाची वाढ मी मुकाट्याने दिली. त्यात दुपारी लाइट गेली की राउटर बंद. त्या फोनमध्ये सिम नाही, त्यामुळे ऑफिसमधून मी काहीही बदललं तरी नेट परत येईपर्यंत ते तिथे पोचत नाही. आधी लावून ठेवलेल्या वेळा तेवढ्या चालतात. म्हणून काय ते सकाळीच ठरवून निघायचं.

आणि आप्पा. मर्यादा बसते ती मुलाच्या खात्याला, त्याच्या फोनवर. आजोबांचा फोन त्यांच्या स्वतःच्या खात्यावर, तिथे हे ॲप काय करणार? धाकटी जेवताना हटून बसली की आप्पा म्हणतात, 'देय ना तिले, रडी ऱ्हायनी पोर.' की लागले कार्टून. यांनी आप्पांच्या फोनच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये (ॲपच्या वापराला वेळ लावायची फोनमधलीच सोय) यूट्यूबला अर्ध्या तासाचा टायमर लावला, तर दुसऱ्या दिवशी ऐन हरिपाठात आप्पांचंच यूट्यूब बंद पडलं. घरात दोन दिवस अबोला. टायमर काढला. आता ताट वाढलं की आप्पांचा फोन फ्रिजवर जातो. हे आप्पांनीच ठरवलं. आम्ही सुचवलं असतं तर झालं नसतं.

टीव्हीचा रिमोट अजून मोकळाच आहे.

ज्यांच्या पोराकडे स्वतःचा वेगळा फोन आहे, त्यांनी डोळे झाकून लावावं. आधी रात्रीची वेळ, मग यूट्यूब, एकूण तास सगळ्यात शेवटी. पोरं आई-बापाच्याच फोनवर खेळत असतील तर याच्या नादी लागू नका. धाकटीला मी माझ्या फोनवर एकच ॲप पिन करून देते, म्हणजे तेवढंच उघडं राहतं आणि बाहेर पडायला माझ्या स्क्रीनलॉकचा पिन लागतो. तिच्या वयाला तेवढं पुरतं.