पहिल्या पिढीची स्कोडा सुपर्ब: उभ्या इंजिनाची गाडी, गोव्यातला एक पावसाळा

फोंड्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या पोर्चमध्ये कित्येक वर्षे झाकून ठेवलेली पहिल्या पिढीची स्कोडा सुपर्ब मी गेल्या वर्षी मे महिन्यात विकत घेतली, आणि त्यानंतर गोव्याचा एक पुरता पावसाळा, चोर्ला घाटातून बेळगावच्या सात-आठ फेऱ्या आणि टायमिंग बेल्टचे (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडमीट करणाऱ्या पट्ट्याचे) एक काम एवढे सगळे पाहून झाल्यावर आता तिच्याविषयी लिहायला बसलो आहे. ही गाडी नवी मिळत नाही. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मात्र ती अजून अधूनमधून दिसते, किंमत ऐकून माणूस मोहात पडतो, आणि विकणारा मागच्या सीटवरची ऐसपैस जागा दाखवून तो मोह आणखी वाढवतो. बॉनेट सहसा कोणी उघडून दाखवत नाही. या गाडीचे बहुतेक सगळे गुणदोष तिथेच आहेत, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

माझ्या गाडीत अडीच लिटरचे, सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा टिपट्रॉनिक, म्हणजे हवे तेव्हा हातानेही गिअर बदलू देणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. रोज मारुती किंवा ह्युंदाई पाहणाऱ्याने तिचे बॉनेट उघडले, तर आत काहीतरी चुकीच्या दिशेने बसवले आहे असेच त्याला प्रथम वाटेल. सिलिंडरांच्या दोन रांगा एकमेकींशी ९० अंशांचा कोन करून डावी-उजवीकडे पसरलेल्या आहेत आणि पुढून मागे जातात. एरवी एका चाकाच्या अंगाला लपलेले पट्टे आणि पुल्या इथे थेट रेडिएटरच्या पाठीला लागून आहेत; मधल्या फटीत मी माझा तळहात उभा सरकवून पाहिला, तर तो जेमतेम मावला. मेकॅनिक लोक याला ‘उभे इंजिन’ म्हणतात, म्हणजे गाडीच्या लांबीशी समांतर ठेवलेले, आणि नेहमीच्या मांडणीला ‘आडवे’.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिन आडवे असणे आता इतके अंगवळणी पडले आहे की दुसरी काही सोय असू शकते हेच आपण विसरलो आहोत. १९५९ च्या मिनीमध्ये अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे ठेवून गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, त्याच तेलात बसवला. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात दांते जियाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला जोडला, १९६९ च्या फियाट १२८ ने ती मांडणी घरोघर नेली, आणि आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांपर्यंत तीच चालत आली आहे. याउलट १९३४ च्या सित्रोएन त्राक्सियों आव्हां या गाडीत इंजिन उभेच होते, पण गिअरबॉक्स पुढे आणि इंजिन चाकांच्या आसाच्या मागे. रेनॉ ४ आणि रेनॉ १६ यांनीही तेच केले; त्यामुळे रेनॉ ४ चा गिअरचा दांडा डॅशबोर्डमधून निघून इंजिनाच्या डोक्यावरून पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत जातो. सर्वांत अचाट म्हणावा तो १९६६ चा ओल्ड्समोबिल टोरोनॅडो: सात लिटरचे उभे व्ही-८ इंजिन, शेजारी गिअरबॉक्स, आणि दोघांच्या मध्ये साखळी. आपल्या रस्त्यांवर तो कुठे वळला असता, हा वेगळा प्रश्न.

सुपर्बची मांडणी यांपैकी कोणाचीच नाही, ती ऑडीची आहे. पुढून मागे क्रम असा: रेडिएटर, मग संपूर्ण इंजिन, मग डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) आणि चाकांचा आस, आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स. म्हणजे इंजिनाचे सगळे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकते. ही गाडी १९९६ च्या फोक्सवॅगन पसाटच्या ढाच्यावर, त्याची लांबी १०० मिलिमीटरने वाढवून बनवलेली आहे, आणि तो ढाचा ऑडी ए४ शी जोडलेला होता. गंमत अशी की १९८८ च्या पसाटमध्ये इंजिन आडवे झाले होते, १९९६ मध्ये ते पुन्हा उभे झाले आणि २००५ मध्ये पुन्हा आडवे. ऑडीला उभे इंजिन हवे असते, कारण गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून शाफ्ट सरळ मागच्या चाकांपर्यंत नेता येतो आणि चारही चाकांना ताकद देणे सोपे जाते. माझ्या सुपर्बमध्ये मागच्या चाकांना काहीच जात नाही. चार चाकांसाठी आखलेल्या मांडणीचे ओझे इथे दोन चाकांची गाडी वाहते, अशी माझी पहिली तक्रार होती, आणि काही अंशी ती अजूनही आहे.

काही अंशी, कारण चोर्ला घाटाने माझे मत थोडे बदलले. जुलैत साखळीहून केरी ओलांडून घाट चढताना रस्त्यावर पाण्याचे पाट, गळून पडलेली पाने आणि कडेने वाहून आलेली तांबडी माती असते. पुढच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी अशा चढावर वळण घेताना चाक फिरवत बसते, कारण चढावर वजन मागे सरकते आणि पुढची चाके हलकी होतात. सुपर्बमध्ये निम्म्याहून बरेच अधिक वजन मुळातच पुढे असल्याने थोडे मागे सरकूनही चाकांखाली पुरेसा दाब उरतो. ट्रकच्या मागे अगदी थांबून, पुन्हा ओल्या चढावर निघतानाही गाडीने कुरकुर केली नाही. शिवाय डिफरन्शियल मध्यावर असल्याने दोन्ही चाकांना जाणारे शाफ्ट जवळजवळ समान लांबीचे आहेत. आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्स एका बाजूला गेल्यामुळे ते बहुधा लहान-मोठे होतात, आणि जोरदार डिझेल इंजिनाचा ॲक्सिलरेटर एकदम दाबला की स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढले जाते. इथे ट्रकला मागे टाकताना मी दोन बोटांनी स्टिअरिंग धरून पाहिले. ते जागचे हलले नाही.

उतारावर हिशेब उलटा होतो. बेळगावहून परत येताना, आखडत जाणाऱ्या वळणात थोडा जास्त वेग घेऊन शिरले की गाडीचे नाक वळणाच्या बाहेरच्या कडेकडे जाऊ लागते, आणि स्टिअरिंग आणखी फिरवून फारसा फरक पडत नाही. वेग आधीच कमी करून शिरणे हाच उपाय. ते धोकादायक नाही, आधी कळते, पण घाटात मजा घेत गाडी चालवणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. खुद्द ऑडीनेही २००७ च्या ए५ पासून डिफरन्शियल क्लचच्या पुढे आणून पुढचा आस १५४ मिलिमीटर पुढे सरकवला, यातच मूळ मांडणीवरचे मत आले.

आता खर्चाची बाजू, जिच्याविषयी विकणारे गप्प असतात. टायमिंग बेल्ट इंजिनाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे रेडिएटरच्या मागे, आणि या डिझेल इंजिनात इंधनपंपाला वेगळा दुसरा पट्टा. मी प्रथम घराजवळच्या ज्या गॅरेजमध्ये गेलो, तिथल्या पोऱ्याने सवयीने चाकाच्या कमानीचे आवरण खोलले, टॉर्च मारला, पट्टा दिसेना म्हणून मालकाला बोलावले, आणि मालकाने इंजिन खाली उतरवावे लागेल असे सांगून जो आकडा उच्चारला, त्यात बरी स्कूटर आली असती. मी आवरण पुन्हा लावून घेतले आणि निघालो. म्हापशाजवळ एक वयस्क मेकॅनिक सापडले, ज्यांनी या ढाच्याच्या गाड्या पूर्वी केल्या होत्या. त्यांनी बंपर काढला, पुढच्या सांगाड्याचे बोल्ट सोडले, त्यांच्या जागी लांब बोल्ट घातले आणि रेडिएटर, पंखा, दिवे यांच्यासह गाडीचे अख्खे तोंड एखाद्या खणासारखे पुढे ओढून घेतले. वीतभर जागा झाली, आणि तेवढ्यात हात आत गेले. “साहेब, हिचे तोंड सरकवल्याशिवाय पोटात हात जात नाही,” असे म्हणून त्यांनी जुना पट्टा माझ्या हातात दिला. कडेचे दोरे सुटू लागले होते. दोन्ही पट्टे, ते ताणून धरणारे टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकाच वेळी बदलून घेतले, कारण पुन्हा एवढी खोलाखोल कोण करणार? काम दोन दिवस चालले. आडव्या इंजिनाच्या गाडीच्या तुलनेत मजुरी दुप्पट धरून चालावे.

पुढच्या प्रत्येक चाकामागे सस्पेन्शनचे, म्हणजे चाक गाडीला जोडून धरणारे, ॲल्युमिनियमचे चार आर्म आहेत, म्हणजे एकूण आठ. स्टिअरिंग इतके शांत राहण्यात त्यांचाही हात आहे. पण डोक्यावर एवढे वजन आणि खाली आपले खड्डे, तेव्हा आर्मच्या सांध्यातले रबरी बुश तपासल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नये. एसी उत्तम आहे, मागची जागा खरोखरच ऐसपैस आहे, आणि मागच्या डाव्या दरवाजात छत्री ठेवायला खोबण आहे, जिचा उपयोग गोव्यात वर्षाचे चार महिने होतो.

ज्याच्या माहितीत या ढाच्याची गाडी खोललेला मेकॅनिक आहे आणि ज्याचा लांबचा प्रवास जास्त आहे, त्याने ही गाडी जरूर पाहावी. फक्त गावात, पणजीतल्या फोंताइन्हशच्या गल्ल्यांतून आणि बाजारातून फिरायचे असेल, तर हे लांब नाक रोज नडेल. मला ते रायबंदरच्या धक्क्यावर नडते. चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीची फळी धक्क्याच्या उतरणीवर टेकते तिथे एक खोलगट कोन तयार होतो, आणि चाके त्या कोनात पोहोचण्याच्या कितीतरी आधी बंपरचा खालचा काठ फळीला लागतो. तो टाळायला गाडी तिरपी घालावी लागते. फेरीवरचा माणूस दर वेळी हात हलवून ‘सरळ या’ म्हणून खुणावतो, मागचे स्कूटरवाले हॉर्न देतात, आणि मी काच खाली करून, डोके बाहेर काढून, वीत-वीत करत तिरपाच आत जातो.