जुन्या रेकॉर्ड: चोर बाजारात द्याव्यात की ऑनलाइन विकाव्यात?

आजोबांच्या कपाटातला रेकॉर्डचा गठ्ठा मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर नेला, तर व्यवहार झटपट आटोपतो आणि पैसे रोख मिळतात. पण व्यापारी बहुधा सगळ्या गठ्ठ्याचा सरसकट भाव सांगतो. त्यात एखादी दुर्मीळ तबकडीही रद्दीच्या दराने निघून जाते. मला हे फार लागतं.

डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर आधी किंमत तरी कळते. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिथे शोधा. आवृत्ती नेमकी कोणती आणि ती पूर्वी कितीला विकली गेली, हे बऱ्याचदा सापडतं. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतींवर जाऊ नका, विकल्या गेलेल्या किमतीच बघा. मग तबकडी उजेडात तिरकी धरून ओरखडे तपासा आणि दर्जा प्रामाणिकपणे लिहा. मूळ कव्हर नसेल तर भाव बराच उतरतो. खरी कटकट पाठवणीची: ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या लाखेच्या, टपालात सहज तडकतात.

म्हणून भरपूर खपलेले, ओरखडलेले एलपी (लाँग प्ले रेकॉर्ड) खुशाल व्यापाऱ्याला द्या. जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्या मात्र भाव पाहिल्याशिवाय हातच्या जाऊ देऊ नका, आणि शक्यतो संग्राहकाला प्रत्यक्ष भेटूनच द्या.